प्रागच्या टेकडीवरील रिकामे जोते

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत प्राग शहरावरचा एक प्रवासलेख वाचला. लेख वाचनीय होता, छायाचित्रेही सुरेख होती. त्यांतल्या एका छायाचित्रात व्ल्टावा नदीकाठच्या लेटना टेकडीवरचा भलामोठा लाल मेट्रोनोम, म्हणजे संगीताचा ताल मोजणाऱ्या यंत्राची प्रचंड प्रतिकृती दिसत होती, आणि त्याखाली 'येथून शहराचे विहंगम दर्शन घडते' एवढी एकच ओळ होती. ती ओळ खोटी नाही, पण त्या जागेबद्दल एवढेच सांगून थांबणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी आपण ते कापलेत तरी चालेल. मात्र शिल्पकाराविषयीचा भाग कृपया तसाच राहू द्यावा.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त प्रागमध्ये राहतात. त्यांच्याकडे दोन उन्हाळे काढण्याचा योग मला आला. घर टेकडीपासून जवळ असल्यामुळे सकाळचा फेरफटका बहुतेक लेटनावरच होत असे. मी स्थापत्य अभियंता. उभी नोकरी सरकारी बांधकामांवर गेली. त्यामुळे कुठलीही वास्तू पाहताना नजर आधी पायाकडे जाते. पहिल्याच दिवशी नदीवरचा पूल ओलांडून आम्ही पायऱ्या चढू लागलो तेव्हा नऊ वर्षांच्या नातीने विचारले, "आजोबा, वर तर एवढीशी काठी आहे, मग पायऱ्या एवढ्या मोठ्या कशाला बांधल्या?" प्रश्न अगदी बरोबर होता. तो मेट्रोनोम काही लहान नाही, त्याची उंची सुमारे २३ मीटर आहे. पण दोन्ही अंगांनी चढत जाणारे ते दगडी जिने, त्या भक्कम आधारभिंती आणि वरचा तो ऐसपैस चौथरा पाहिला की हे सगळे लोखंडाच्या एका काट्यासाठी बांधलेले नाही हे कुणाच्याही लक्षात यावे. जोते पाहिले की वर केवढे घर होते याचा अंदाज येतो, असे आमचे जुने गवंडी म्हणत असत. या जोत्यावर १७,००० टनांचे शिल्प उभे होते. ते सोव्हिएत रशियाचा सर्वेसर्वा योसिफ स्टालिन याचे होते, आणि ते जेमतेम साडेसात वर्षे टिकले.

त्या शिल्पाची हकीकत थोडक्यात अशी. १९४८च्या फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियाची सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या हाती गेली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४९मध्ये, स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसाचे निमित्त साधून लेटनावर त्याच्या स्मारकाची पायाभरणी झाली. स्मारकाच्या आराखड्यासाठी शिल्पकारांची स्पर्धा घेण्यात आली होती. स्पर्धा हा शब्द येथे जपून वाचावा लागतो, कारण त्या काळात नामवंत शिल्पकाराने अशा कामातून अंग काढून घेणे म्हणजे पुढची सगळी कामे आणि कदाचित त्याहून अधिक काही गमावणे होते. निवड झाली ती ओटाकार श्वेत्स या शिल्पकाराच्या आराखड्याची. यिरी श्टुर्सा आणि व्लास्ता श्टुर्सोव्हा हे वास्तुविशारद त्याच्या जोडीला होते.

आराखड्यात स्टालिन सर्वांत पुढे उभा होता, एक हात कोटात घातलेला. त्याच्या मागे दोन रांगा होत्या: एका बाजूला सोव्हिएत जनतेचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला चेकोस्लोव्हाक जनतेचे. कामगार, शेतकरी, शास्त्रज्ञ आणि अगदी शेवटी सैनिक. शिल्पाची उंची साडेपंधरा मीटर आणि लांबी २२ मीटर होती. आत प्रबलित काँक्रीटचा गाभा होता आणि बाहेरून घडीव ग्रॅनाइटचे चिरे बसवले होते. जागाही विचारपूर्वक निवडली होती. जुन्या शहराच्या मुख्य चौकातून निघणारा पारिझ्स्का हा रुंद रस्ता सरळ नदीवरच्या पुलाकडे जातो आणि पुलाच्या पलीकडे नेमकी ही टेकडी उभी ठाकते. त्यामुळे चौकातून मान वर केली की समोर तोच दिसणार, अशी ती योजना होती. प्रागच्या लोकांनी या शिल्पाला आपल्या भाषेत नाव ठेवले, 'मांसासाठीची रांग'. एका माणसामागे शिस्तीत उभी असलेली ती माणसे पाहून खाटकाच्या दुकानापुढच्या रोजच्या रांगा त्यांना आठवल्या. नाव कोणी ठेवले ते कुणालाच माहीत नाही आणि शहरातल्या प्रत्येकाला ते माहीत होते.

या नावामागची परिस्थिती समजून घ्यायला हवी, नाहीतर ते केवळ टिंगलीचे वाटते. स्मारकाचे काम चालू होते ती वर्षे त्या देशाच्या इतिहासातली फार वाईट वर्षे होती. नोव्हेंबर १९५२मध्ये पक्षाचा माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की आणि त्याच्यासह आणखी तेरा जणांवर देशद्रोहाचा बनावट खटला चालवण्यात आला. त्यांपैकी अकरा जणांना ३ डिसेंबरला फाशी दिले गेले. १९५३च्या ५ मार्चला स्वतः स्टालिन मरण पावला आणि नऊ दिवसांनी, १४ मार्चला, चेकोस्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष क्लेमेंट गॉटवाल्ड गेला. त्याच वर्षी १ जूनला चलनबदल लागू झाला. पगार आणि किमती पाचास एक या दराने बदलल्या, पण माणशी ३०० क्राउनच्या वरची रोकड पन्नासास एक या दराने बदलून मिळाली. ज्याने ट्रंकेत पोरीच्या लग्नासाठी पन्नास हजार साठवले होते त्याच्या हाती हजाराच्या आसपास रक्कम आली. प्लझेन शहरात कारखान्यातले कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांना बळाने दडपण्यात आले. हे सगळे होत असताना टेकडीवर चिऱ्यावर चिरा चढतच होता. ज्याच्यासाठी स्मारक बांधायला घेतले तो जिवंत नाही, ज्याच्या राजवटीत घेतले तोही नाही, लोकांच्या घरातली बचत धुऊन निघाली आहे, आणि तरीही काम थांबवावे असे म्हणण्याची सोय कुणालाही नाही. सरकारी कामे एकदा सुरू झाली की थांबवणे किती कठीण असते हे मी जवळून पाहिले आहे. पण तेथे अडचण निविदेची किंवा निधीची नव्हती, तोंड उघडण्याची होती.

आता शिल्पकाराविषयी. ओटाकार श्वेत्स १८९२मध्ये जन्मला. मिस्लबेक आणि यान श्टुर्सा या चेक शिल्पकलेतल्या दोन थोरांच्या हाताखाली तो शिकला. त्याचे १९२४चे एक शिल्प आहे, सनबीम मोटारसायकलवरचा स्वार. वळणावर झुकलेली गाडी आणि तिच्यावर जवळजवळ आडवा झालेला माणूस, दोघे मिळून जणू एकच वस्तू झालेले आहेत. वेग हा विषय धातूत उतरवायला जो हात लागतो तो या माणसाकडे होता. ते शिल्प पाहिल्यावर मग लेटनावरच्या स्मारकाची जुनी छायाचित्रे पाहिली की मन विषण्ण होते. इतका जिवंत हात, आणि त्याच्याकडून करवून घेतले काय, तर एकामागे एक ताठ उभी केलेली दगडी माणसे. त्यातही काम त्याच्या मनाप्रमाणे झाले नाही. पाच वर्षे अधिकारी, समित्या आणि पाहुणे येत राहिले, बदल सुचवत राहिले. या काळात त्याच्या पत्नीने आत्महत्या केली. १९५५च्या वसंतात, उद्घाटनाला काही आठवडे उरले असताना, श्वेत्सनेही जीवन संपवले.

१ मे १९५५ रोजी स्मारकाचे थाटात अनावरण झाले. ज्याने ते घडवले तो त्या वेळी हयात नव्हता.

श्वेत्सच्या मृत्यूचे कारण एवढेच होते असे मी म्हणणार नाही. कुणाच्याही आत्महत्येचे कारण बाहेरच्या माणसाने ठरवू नये. घरातले दुःखही तेवढेच मोठे होते. पण पुतळ्यांविषयी आपण बोलतो तेव्हा ज्याचा पुतळा आहे त्याच्याविषयी बोलतो, ज्याने उभारला त्या राजवटीविषयी बोलतो, पुढे तो पाडणाऱ्यांविषयी बोलतो. ज्याच्या हातांनी तो घडला त्या माणसाला मात्र सहज विसरतो. स्मारक पाडले गेले तेव्हा त्याच्या हयातीतली अखेरची पाच वर्षेही त्याबरोबर गेली. वाईट माणसाचे चांगले शिल्प किंवा चांगल्या माणसाचे वाईट शिल्प, असा सोपा हिशेब येथे लागत नाही.

आता पाडण्याकडे येतो, कारण माझे मुख्य म्हणणे त्याविषयी आहे. स्मारक उभे राहून वर्षही झाले नव्हते तोच, २५ फेब्रुवारी १९५६ला, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख निकिता ख्रुश्चेव्ह याने मॉस्कोत पक्षाच्या विसाव्या अधिवेशनातील बंद दाराआडच्या भाषणात स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर आणि अत्याचारांवर कडक टीका केली. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला हंगेरीत उठाव झाला तेव्हा बुडापेस्टच्या लोकांनी स्टालिनचा कांस्यपुतळा स्वतः खाली खेचला. चौथऱ्यावर उरले ते फक्त त्याचे बूट. प्रागमध्ये तसे काही झाले नाही. तिथे सत्तेवर असलेले आंतोनिन नोवोत्नी आणि त्यांचे सहकारी स्टालिनच्याच काळात वर आले होते, त्याच काळातल्या खटल्यांची जबाबदारी त्यांच्यातल्या अनेकांच्या खांद्यावर होती. स्टालिनला दोषी ठरवायचे तर प्रश्न आपल्यापर्यंत येणार हे त्यांना दिसत होते. त्यामुळे भाषणानंतर आणखी सहा वर्षे तो टेकडीवर तसाच उभा राहिला. ऑक्टोबर १९६१च्या अखेरीस मॉस्कोत स्टालिनचे शव लेनिनच्या समाधिगृहातून हलवले गेले, नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे नाव व्होल्गोग्राड झाले, आणि मग प्रागमध्येही निर्णय घेणे टळेना. त्याच सुमारास, १९६२मध्ये, प्रागच्या विट्कोव टेकडीवर काचेच्या पेटीत जतन करून ठेवलेल्या गॉटवाल्डच्या शवावरही अंत्यसंस्कार करण्यात आले. एकाच शहरातल्या दोन टेकड्यांवरची दोन दैवते एकाच वर्षी हलवली गेली.

लेटनावरचे स्मारक सुट्या चिऱ्यांनी उतरवता येण्यासारखे नव्हते. आत काँक्रीटचा गाभा एकसंध, बाहेर ग्रॅनाइट, आणि खाली नदीकाठची वस्ती. शेवटी सुरुंग लावायचे ठरले. सुमारे ८०० किलो स्फोटके लागली आणि १९६२च्या नोव्हेंबरात काम पुरे झाले. वाचकांपैकी ज्यांनी घाटातल्या रस्त्यांची कामे पाहिली असतील त्यांना सुरुंग म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या तरुणपणी कोकणात रस्त्यावर सुरुंग उडवायचा म्हणजे आधी दोन्ही टोकांना लाल निशाण घेतलेली माणसे उभी राहत, मुकादम तीनदा शिट्टी फुंकी, आजूबाजूच्या वाडीत निरोप जाई, गुरे आत घेतली जात, आणि मग वात पेटे. धुरळा खाली बसेपर्यंत कोणी बोलत नसे. सुरुंगाचा आवाज लपवता येत नाही, म्हणून तर तो सांगून लावायचा असतो. प्रागमध्ये राज्यकर्त्यांनी तो लपवण्याचा प्रयत्न केला. साऱ्या शहराला ऐकू जाणारे स्फोट झाले, टेकडीवरून धूळ उठली, आणि वृत्तपत्रांत मात्र शांतता होती. छायाचित्रे घ्यायला मनाई होती. तरीही काही लोकांनी खिडक्यांतून, झाडांआडून चोरून छायाचित्रे घेतली आणि आज आपल्याला जे काही दिसते ते त्यांच्यामुळे. एका छायाचित्रात शिल्पाभोवती बांधलेली परांची दिसते आणि स्टालिनचे डोके अजून जागेवर आहे. दुसऱ्यात त्या जागी फक्त धूर आहे.

संपादक महोदय, स्टालिनचे स्मारक पाडले याबद्दल मला यत्किंचितही खंत नाही. लाखो माणसांच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या माणसाला शहराच्या माथ्यावर उभे ठेवण्याचे बंधन कुठल्याही शहरावर नाही. मला खटकते ते हे, की ते उभारताना लोकांना विचारले नव्हते आणि पाडतानाही विचारले नाही. दोन्ही वेळा आदेश वरून आला. दोन्ही वेळा लोकांचे काम फक्त पाहणे होते, आणि दुसऱ्या वेळी तर पाहण्याचीही बंदी होती. ज्या मंडळींनी १९५५मध्ये त्या चौथऱ्यावर भाषणे केली, त्यांपैकी कोणी १९६२मध्ये पुढे येऊन 'आम्ही चुकलो, अमुक कारणाने चुकलो, तमुक माणसे त्यापायी फाशी गेली' असे म्हटले नाही. स्लान्स्की खटल्यातल्या माणसांचे निर्दोषत्व पूर्णपणे मान्य व्हायलाही पुढची कित्येक वर्षे जावी लागली. दगड काढून टाकला की प्रश्न संपला, असे त्यांना वाटले असावे. सहा वर्षांनी, ऑगस्ट १९६८मध्ये, सोव्हिएत रणगाडे त्याच शहरात शिरले.

रिकाम्या जोत्याचे पुढे काय झाले हेही सांगण्यासारखे आहे. स्मारकाच्या खाली, टेकडीच्या पोटात, मोठमोठ्या खोल्या आहेत. त्यांत काही काळ बटाटे साठवले जात. १९८९च्या नोव्हेंबरात लेटनाच्या मैदानावर लाखो लोक जमले आणि कम्युनिस्ट राजवट गेली, त्या जागेपासून हे जोते थोड्याच अंतरावर आहे. त्यानंतर, १९९०मध्ये, काही तरुणांनी त्या तळघरातून परवान्याशिवाय एक रेडिओ केंद्र चालवले आणि त्याला नाव दिले रेडिओ स्टालिन. १९९१मध्ये व्रातिस्लाव नोव्हाक या शिल्पकाराचा तो लाल मेट्रोनोम तेथे उभा राहिला. १९९६मध्ये मायकल जॅक्सनचा कार्यक्रम लेटनावर झाला तेव्हा जाहिरातीसाठी त्याचा प्रचंड पुतळा काही दिवस याच जागी उभा केला गेला होता. ज्यांच्या घरातले कोणी पन्नासच्या दशकात तुरुंगात गेले असेल त्यांना तो पाहून काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आज सकाळी तेथे गेले तर मुले त्या गुळगुळीत दगडी फरशीवर चाकांच्या फळ्या घसरवत असतात, वर तारांवर फेकलेले जुने बूट लोंबकळत असतात, आणि खाली नदीवरचे पूल एकामागे एक दिसतात. एका सकाळी मी चौथऱ्याच्या कडेच्या चिऱ्यावर हात फिरवला. सांध्यात सुरीचे पाते जाणार नाही इतकी ती घडाई सफाईदार होती. दगड फोडणाऱ्याने आणि बसवणाऱ्याने आपले काम चोख केले होते.

हे सारे वाचताना मुंबईकर वाचकाला काळा घोडा आठवल्याशिवाय राहणार नाही. मलाही तेथे तोच आठवत होता. तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५मध्ये मुंबईला आला होता. त्याच्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९मध्ये तो बसवला गेला. बोहेम या शिल्पकाराचे ते काम. १९६५मध्ये तो तेथून हलवून भायखळ्याला जिजामाता उद्यानात नेण्यात आला. त्या वेळी मी शाळकरी मुलगा होतो. घोडा गेला हे घरात वडिलांच्या बोलण्यातून कळले, आणि पुढच्याच रविवारी त्यांनी मला राणीच्या बागेत नेऊन तो दाखवला. "हा राजा होता, आता आपला राजा नाही, म्हणून इथे आणला," एवढेच ते म्हणाले. आठदहा वर्षांच्या मुलाला तेवढे पुरले. व्हिक्टोरिया राणीचा नोबल याने घडवलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला संगमरवरी पुतळाही तसाच भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आला. याच राणीच्या पुतळ्याला दामोदर हरी चापेकरांनी १८९६मध्ये डांबर फासले होते. पुतळा जपला गेला म्हणून ती हकीकतही त्याच्यासमोर उभे राहून मुलांना सांगता येते. पुतळा नसता तर ती फक्त पुस्तकात राहिली असती.

मुंबईने हे काम सर्वस्वी आदर्श रीतीने केले असे मी म्हणत नाही. त्या काळात आणखी काही इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुतळ्यांची मोडतोड झाली, आणि हलवलेल्या पुतळ्यांजवळ ते कुठून आले, कधी आले, कोणी हलवले, याची सविस्तर माहिती सर्वत्र लावलेली नाही. पण माणसाला रस्त्यावरून उठवून संग्रहालयात नेणे आणि गाजावाजा होऊ न देता त्याचा चुरा करणे यांत फरक आहे. पहिल्यात आपण त्याला मान देणे थांबवतो, दुसऱ्यात आपण त्याला मान दिला होता ही गोष्टच नाकारतो.

प्रागने स्वतः पुढे यातून काही धडा घेतला, असे मला वाटते. त्याच शहरात सोव्हिएत सेनापती इव्हान कोनेव्ह याचा पुतळा १९८०पासून उभा होता. १९४५मध्ये प्राग नाझींच्या ताब्यातून सोडवणाऱ्या सैन्याचा तो सेनापती, आणि १९५६मध्ये हंगेरीचा उठाव चिरडणाऱ्या सैन्याचाही तोच. २०१८मध्ये स्थानिक पालिकेने त्याच्या चौथऱ्यावर या दोन्ही गोष्टी सांगणारे फलक बसवले. त्यावर वाद झाले, रशियाने कडाडून आक्षेप घेतला, पुतळ्यावर रंग फेकला गेला, तो झाकला गेला, लोकांनी बाजूने आणि विरुद्ध निदर्शने केली, आणि अखेर पालिकेत ठराव होऊन एप्रिल २०२०मध्ये क्रेनने तो उतरवला गेला. पुतळा फोडला नाही, संग्रहालयासाठी राखून ठेवला. हा निर्णय सर्वांना पटला असे मुळीच नाही. माझ्या मुलीच्या शेजारच्या वृद्ध बाईंना तो अजिबात पटलेला नाही, कारण १९४५चा मे महिना त्यांच्या घरात अजून सांगितला जातो. पण निर्णय कोणी घेतला, कधी घेतला, का घेतला, कोणी विरोध केला, हे सगळे लेखी आहे. त्या बाईंना कुणावर रागवायचे ते तरी माहीत आहे. १९६२मध्ये ती सोय नव्हती.

म्हणून माझी आपल्याला आणि आपल्या वाचकांना दोन साध्या गोष्टींची विनंती आहे. पहिली म्हणजे प्रवासलेखात अशी जागा आली तर तिची मागची हकीकत चार ओळींत का होईना द्यावी. आपल्या घरचे लोक आता मुलांकडे परदेशी जातात, फिरतात, छायाचित्रे काढतात. त्यांना आपण काय पाहतो आहोत ते कळले तर त्यांना हवेच असते. दुसरी विनंती आपल्या नगरपालिकांविषयीची आहे. आपल्याकडे पुतळा बसवायचा म्हटले की अनावरण करणाऱ्यांची नावे संगमरवरात कोरली जातात. शिल्पकाराचे नाव, दगड किंवा धातू कुठला, पायाचे काम कोणी केले, पैसा कुठून आला, ठराव कोणत्या तारखेचा, या गोष्टी मात्र फाइलीत राहतात आणि फाइल हरवते. पुतळा हलवायचा झाला तर तेवढीही नोंद उरत नाही. एका सकाळी चौथरा रिकामा दिसतो आणि जो तो आपापल्या परीने कारण लावतो. मी अशा दोन चौथऱ्यांच्या कामावर स्वतः उभा होतो, म्हणून सांगतो, ही नोंद ठेवायला फार खर्च येत नाही. चौथऱ्याच्या मागच्या बाजूला दोन फूट लांबीचा एक दगडी फलक पुरतो, आणि पुतळा गेला तरी तो फलक जागेवर ठेवता येतो.

लेटनाच्या चौथऱ्यावर मी दोन उन्हाळ्यांत मिळून पन्नासएक वेळा तरी गेलो असेन. शेवटच्या आठवड्यात नातीने आपल्या वहीत त्या जागेचे चित्र काढले. खाली पायऱ्या काढल्या, वर लाल काटा काढला, आणि काट्याच्या मागे पेन्सिलीने फिकट अशी माणसांची एक रांग काढली. सर्वांत पुढच्या माणसाला तिने नाव दिले नाही. रांगेच्या बाहेर, पायरीवर बसलेला, हातात छिन्नी घेतलेला एक माणूस मात्र काढला आणि त्याच्याखाली देवनागरीत लिहिले, 'ओटाकार आजोबा'. ती वही आता माझ्याकडे डोंबिवलीला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
डोंबिवली (पूर्व)